हिमनदीची सरोवरे आणि हातांनी खोदलेली तळी

मुलाबाळांना घेऊन डोंगर चढावा, सरोवराच्या काठाने दिवसभर चालावे आणि संध्याकाळी पाय दुखत असताही प्रसन्न मनाने घरी परतावे, हा विषय सोलापुरात मांडणे म्हणजे माळरानावर नौकानयनाचे धडे देण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. डोंगर म्हणावा तर तो नजरेच्या टप्प्यात नाही. पाणी म्हणावे तर त्याची आठवण उन्हाळ्यात अधिक येते. तरीही हा विषय आपल्या इतिहासाशी जवळचे नाते सांगतो, असे आम्हांला वाटते. डोंगर आणि सरोवर कोणी घडविले, तिथे पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाला मिळाला आणि त्यासाठी लागणारा मोकळा दिवस कोणी मिळवून दिला, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की आपण भूगोल सोडून समाजाच्या इतिहासात येऊन पोचतो.

प्रथम घडविणाऱ्याचा विचार करू. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात कंब्रिया नावाचा परगणा आहे. त्यातला सरोवरांचा प्रदेश आज जगभरच्या सहलकऱ्यांना ठाऊक आहे. तिथला सर्वांत उंच डोंगर स्काफेल पाइक अवघा ९७८ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या खांद्यालाही न लागणारा. परंतु त्या डोंगरांच्या पायथ्याशी विंडरमिअर, अल्सवॉटर, वॉस्टवॉटर अशी लांबट, खोल सरोवरे पसरली आहेत. ती सर्व मधल्या डोंगरांपासून चाकाच्या आऱ्यांसारखी चहूकडे निघतात, हे कवी वर्डस्वर्थने आपल्या मार्गदर्शिकेत फार पूर्वी सांगून ठेवले. ही सरोवरे हिमनद्यांनी कोरली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी तो सारा मुलूख बर्फाखाली होता. तो बर्फ स्थिर नव्हता. आपल्या भाराने तो उताराकडे सरकत होता आणि पोटात धरलेल्या दगडगोट्यांनी खालचा खडक कानशीने घासावा तसा घासत होता. खोरी रुंद व खोल झाली. बर्फ वितळला, त्याने वाहून आणलेल्या गाळदगडांचे बांध खोऱ्यांच्या तोंडाशी राहिले आणि मागे पाणी साठले. लुई अगासी हा स्विस शास्त्रज्ञ १८४० साली ब्रिटनमध्ये आला आणि इथेही एकेकाळी हिमनद्या होत्या असे सांगू लागला, तेव्हा अनेक विद्वानांना ते पटले नव्हते.

आता सह्याद्रीकडे पाहा. सह्याद्री उंच आहे, त्याच्यावर पाऊसही उदंड पडतो. मग त्याच्या कुशीत नैसर्गिक सरोवरे का नसावीत? याचे कारण हेच की सह्याद्री हिमनदीने घडविलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले आणि त्याची पश्चिमेकडची कड पावसाने व नद्यांनी झिजवून आजचे कडे व सुळके उभे केले. नदी खोरे कापते, पण खोऱ्यात खोलगट कटोरा करून ठेवीत नाही. म्हणून पावसाचे पाणी इथे थांबत नाही, धावत सुटते. महाराष्ट्रात नाव घेण्याजोगे नैसर्गिक सरोवर म्हणजे लोणार, आणि तेही आकाशातून पडलेल्या उल्केने केलेला खड्डा! मात्र महाराष्ट्राच्या भूमीला हिमनदी अगदीच अपरिचित नाही. चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी इरई येथे बर्फाने ओरखडलेला प्राचीन चुनखडक भूगर्भ खात्याच्या संशोधकांना १८७० नंतरच्या दशकात आढळला. ते ओरखडे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा ना सह्याद्री होता, ना दख्खनचे पठार.

यावरून एक साधी गोष्ट निष्पन्न होते. तिकडे सरोवर ही निसर्गाची देणगी आहे. आपल्याकडे सरोवर ही माणसाची कमाई आहे. डोंगर आणि पाणी एकत्र पाहायचे म्हणून आपण भंडारदऱ्याला जातो. तिथे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे, रतनगड आहे, रतनवाडीचे अमृतेश्वराचे कोरीव मंदिर आहे आणि या सर्वांचे प्रतिबिंब झेलणारा विस्तीर्ण जलाशय आहे. पण तो जलाशय प्रवरेवर १९१० ते १९२६ या काळात बांधलेल्या धरणाचा. महाबळेश्वरचा वेण्णा तलावही साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली बांधविलेला. घरातल्या लहानथोरांना नेण्यास भंडारदऱ्याचा परिसर फार सोयीचा आहे. जलाशयाच्या काठाने गावागावांतून जाणारी वाट आहे. कळसूबाईच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. आणि हौशी गिर्यारोहकांच्या कितीतरी आधीपासून नवरात्रात बारी गावाकडून आयाबाया पोरांना कडेवर घेऊन देवीच्या दर्शनाला हे शिखर चढत आल्या आहेत.

कुटुंबाने मिळून दूरवर चालणे ही आपण पश्चिमेकडून शिकलेली गोष्ट नव्हे. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे त्या जिल्ह्याला तरी हे सांगावयास नको. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी ही नावे वारकऱ्याला मुक्कामांच्या क्रमाने पाठ असतात. आजोबा, सुना, नातवंडे एकाच दिंडीत चालतात. कोणी किती वेगाने चालावे, पाणी कुठे प्यावे, थकलेल्याला कोणी सांभाळावे, याची शिस्त त्या परंपरेने घालून दिली आहे. लहान मुलांसह डोंगरवाटेला जाणाऱ्याने जे नियम पाळावेत, त्यांतले बहुतेक दिंडीत आधीच पाळले जातात: सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल ती सर्वांची चाल, ऊन चढण्यापूर्वी निम्मी वाट संपवावी आणि मागे कोणी राहिले नाही हे पाहिल्यावाचून पुढे निघू नये. फरक हेतूचा आहे. वारकरी भेटीसाठी चालतो. नुसते पाहण्यासाठी, मोकळ्या हवेसाठी चालणे ही मात्र नवी गोष्ट आहे, आणि तिचा जन्म गिरण्यांच्या धुरात झाला.

इथे आपण दुसऱ्या प्रश्नापाशी येतो. लँकेशायरमधल्या कापड गिरण्यांच्या गावांपासून सरोवरांचा प्रदेश फार दूर नव्हता. पण कामगाराला तो दूरच होता. १८४४ साली विंडरमिअरपर्यंत आगगाडी आणण्याची योजना निघाली तेव्हा वर्डस्वर्थने तिला विरोध केला. कारखान्यांतले लोक झुंडीने आले तर त्या सौंदर्याची शांतता जाईल आणि त्यांनाही त्याचे मोल कळणार नाही, असा त्याचा ग्रह होता. थोर कवीचाही हा विचार तोकडा होता, असे म्हणणे भाग आहे. गाडी १८४७ मध्ये आलीच. पुढे जमीनदारांनी डोंगरांच्या जुन्या पायवाटा बंद करण्यास आरंभ केला. केझिक गावाशेजारी लॅट्रिग नावाची सुमारे बाराशे फुटांची टेकडी आहे. तिची वाट अडविली गेली तेव्हा १८८७ च्या ऑक्टोबरात सुमारे दोन हजार नागरिक अडथळे दूर करीत सरळ टेकडीच्या माथ्यावर गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीने माथ्याची वाट लोकांना खुली झाली. आज लहान मुलांना घेऊन चढण्यास सोपी म्हणून जी टेकडी प्रसिद्ध आहे, ती अशी मिळालेली आहे. याच चळवळीतल्या कॅनन रॉन्सली यांनी इतरांसह १८९५ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था काढली. तिने १९०२ साली डर्वेंटवॉटरच्या काठची ब्रँडलहाऊ ही वनराई लोकवर्गणीतून विकत घेतली. त्या वर्गणीत औद्योगिक शहरांतल्या सामान्य लोकांच्या छोट्या देणग्याही होत्या. १९५१ मध्ये तो सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला.

पण वाट खुली असून भागत नाही, दिवस मोकळा लागतो. हा तिसरा प्रश्न. कोल्न या गिरणगावातले एक धर्मोपदेशक टी. ए. लेनर्ड यांना दिसले की सुट्टीच्या आठवड्यात कामगार समुद्रकाठच्या करमणुकीत वर्षाची बचत उडवून येतात. त्यांनी १८९१ साली आपल्या मंडळीतल्या सुमारे तीस जणांना अँबलसाइडला चालण्याच्या सहलीसाठी नेले. त्यातून सहकारी सहलींची संस्था उभी राहिली. साधे जेवण, साधी निवासाची सोय, दिवसभर पायी भ्रमंती, आणि स्त्रीपुरुषांचे एकत्र चालणे, ही तिची वैशिष्ट्ये होती.

त्याच सुमारास आपल्याकडे काय घडत होते? मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिच्यासाठी चळवळ चालविली. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला मिळालाच पाहिजे, असे ते सांगत. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सोलापुरात पहिली गिरणी, आपली ‘जुनी गिरणी’, १८७७ साली निघालेली. लेनर्ड आपल्या माणसांना डोंगरावर नेत होते, तेव्हा आपला कामगार नुकताच रविवार मिळवीत होता, ही तुलना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुट्टी मिळाली ती बाजारहाट, आजारपण आणि देवदर्शन यांतच संपून गेली.

गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. परंतु प्रश्न थांबलेला नाही. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी हजारो कुटुंबे यंत्रमागावर आणि विडीवर जगतात. हजार विड्यांवर मजुरी मोजणाऱ्या बाईचा रविवार कोणता? पर्यटनाच्या जाहिराती तिच्यासाठी नाहीत. भंडारदऱ्याचे भाडे ज्याला परवडत नाही, त्याच्या मुलांनी झाडाखालून, पाण्याकाठून चालूच नये काय?

आमचे म्हणणे असे की त्या मुलांसाठी सोलापूरचीच सरोवरे आहेत, आणि ती कंब्रियातल्या सरोवरांहून अधिक बोलकी आहेत. बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी शिवशरणांच्या श्रमातून तलाव खोदला आणि भोवतालच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापिली, असे परंपरा सांगते. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर त्या लिंगांच्या भेटीला निघणारी मिरवणूक म्हणजे सोलापूरकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची पायी प्रदक्षिणाच होय. शहरापासून पाच मैलांवर आदिला नदीवर मातीचा बांध घालून एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला. मोहोळ तालुक्यातल्या आष्टीच्या तलावावर १८७६-७७ च्या दुष्काळात हजारो उपाशी हातांनी माती वाहिली. तो १८८१ मध्ये पूर्ण झाला. आणि १९८० मध्ये उजनीचे धरण उभे राहिले. त्याच्या पाण्यावर आज रोहित पक्षी उतरतात आणि आपण ते कौतुकाने पाहतो. पण पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि खाली गेलेल्या गावांची आठवण करून देते. इंग्लंडातही मँचेस्टरला पाणी देण्यासाठी थर्लमिअरची पातळी वाढविली गेली, १८९४ मध्ये ते पाणी शहरात पोचले आणि काठची जुनी वस्ती बुडाली. शहराची तहान कोणाच्या तरी अंगणावरून वाहत येते, हा दोन्ही देशांचा अनुभव आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक पेठेतल्या मंडळाने वर्षातून चार रविवार पायी सहलीला द्यावेत. एकदा सिद्धेश्वर तलावाभोवती, एकदा कंबर तलावाकाठी, एकदा एकरुखच्या बांधावर, एकदा आष्टीला. बरोबर भाकरी, शेंगाचटणी आणि पाणी असले की पुरे. मुलांना पाणी दाखवताना ते कोणी अडविले, माती कोणी वाहिली, त्यासाठी कोणाची जमीन गेली, हे जाणत्या माणसाने सांगावे. जो मुलगा बांधावरून चालत गेला आहे, तो पुढे मोठा झाल्यावर त्या तळ्यात सांडपाणी सुटले किंवा त्यावर जलपर्णी माजली तर गप्प बसणार नाही. केझिकच्या नागरिकांना आपली टेकडी राखता आली, कारण तिच्यावर त्यांची पावले आधीच पडलेली होती. हिमनदी पुन्हा येऊन आपल्याला सरोवर कोरून देणार नाही. पूर्वजांनी टोपल्याटोपल्यांनी जे उभे केले तेवढेच आपल्याजवळ आहे, आणि ते राखावयाचे तर आधी त्याच्या काठाने चालावयास हवे.