पिसातली हवा

साखर पाण्यात विरघळली की साखर दिसेनाशी होते. तांबं आणि जस्त एकत्र वितळवून पितळ केलं, की त्यातलं तांबं बोट ठेवून दाखवता येत नाही. पण चिखलात पेंढा कालवून भिंत लिंपली, तर माती मातीच राहते आणि पेंढा पेंढाच. वाळलेली माती वरचं वजन पेलते, पण ओढ बसली की तडकते. पेंढा ओढ सोसतो, पण स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. दोघं एकमेकांचं उणं भरून काढतात आणि भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आपलं वेगळेपण न सोडता एकत्र आलेल्या अशा पदार्थांना संमिश्र पदार्थ म्हणतात, इंग्रजीत कंपोझिट.

मी कवी माणूस. बी.ए.पर्यंत शिकलो, तेही भाषा घेऊन. पण हा शब्द कळल्यापासून त्याच्या मागे लागलो. विमानाचे पंख, होडीचा सांगाडा, पवनचक्कीची पाती हे सारं आज त्या जुन्या भिंतीच्याच तत्त्वावर बनतं. पेंढ्याच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे धागे आले आणि चिखलाच्या जागी रेझिन, म्हणजे एक प्रकारची राळ.

या विद्येचं एक नावाजलेलं घराणं अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात आहे. तिथं १९७४ साली संमिश्र पदार्थांचं संशोधन केंद्र सुरू झालं. अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि विद्यार्थी एकाच छताखाली काम करू लागले. काम दिसायला साधं. साच्यात कापडाचे थर अंथरायचे, वर प्लॅस्टिकचं आवरण घालून कडा घट्ट बंद करायच्या, पंपानं आतली हवा ओढून घ्यायची आणि त्या ओढीनं रेझिन कापडात मुरू द्यायचं. मग ते घट्ट होण्याची वाट पाहायची. एवढं झाल्यावर तो तुकडा यंत्रात धरून मोडायचा आणि कुठं मोडला ते बघायचं. आपल्याच हातानं केलेली वस्तू मोडून बघणं हा या विद्यार्थ्यांचा रोजचा धडा. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. म्हणून हवा ही या प्रयोगशाळेची जुनी वैरीण.

याच डेलावेअर राज्याचा दुसरा इतिहास कोंबड्यांचा आहे. ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील या बाईंनी १९२३ साली अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली होती. पाठवणाऱ्याच्या चुकीनं ५०० आली. बाईंनी ती परत न करता छोट्या खोपटात वाढवली. जगलेली ३८७ पिल्लं त्यांनी पौंडाला ६२ सेंट दरानं मांसासाठी विकली. तोवर कोंबडी पाळायची ती मुख्यतः अंड्यांसाठी. तीन वर्षांतच बाईंनी १०,००० पक्ष्यांचं खुराडं उभारलं आणि आजच्या ब्रॉयलर धंद्याची सुरुवात इथूनच झाली, असं मानतात.

धंदा वाढला तशी पिसंही वाढली. आमच्या मोहल्ल्यात कोंबडीच्या दुकानामागे पिसांनी भरलेलं पिंप मी लहानपणापासून पाहत आलो. त्याच्याकडं कुणी वळून बघत नाही, नाक दाबून पुढं जातो. अमेरिकेत हीच पिसं शिजवून, दळून जनावरांच्या खाद्यात घालतात. भाव अगदीच किरकोळ.

रिचर्ड वूल हे मूळचे आयर्लंडमधल्या कॉर्कचे. १९९५ साली ते डेलावेअर विद्यापीठात रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून आले. रेझिन बनतं खनिज तेलापासून, ते शेतातल्या तेलापासून का बनू नये, हा त्यांचा ध्यास होता. कल्पना अगदीच नवी नव्हती. हेन्री फोर्ड यांनी १९४१ मध्ये सोयाबीनसारख्या पिकांचा अंश असलेल्या प्लॅस्टिकची मोटार लोकांपुढं आणली होती, पण ती एका नमुन्यापुढं गेली नाही. वूल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सोयाबीनच्या तेलाचा रेणूच हाती घेतला. त्या रेणूला तीन लांब शेपट्या असतात आणि त्यांवर काही जोड असे असतात, की ते रसायनांनी उघडता येतात. ते उघडून त्यांवर नवे हात बसवले, की रेणू एकमेकांना धरतात आणि पातळ तेलाची टणक राळ होते. पुढं २०००च्या दशकात जॉन डिअर कंपनीनं शेतीयंत्रांच्या बाहेरच्या भागांसाठी सोयाबीन तेलाचा अंश असलेलं रेझिन वापरलं. ज्या शेतात बी पेरलं, त्याच शेतात ते यंत्राचं अंग होऊन परतलं.

राळ मिळाली, आता धागा हवा होता. मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथं अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेनं पीस स्वच्छ करून त्याच्या देठापासून मऊ तंतू वेगळे करण्याची रीत शोधली होती. हे तंतू केराटिनचे, म्हणजे आपल्या केसांच्या आणि नखांच्या जातीचे, आणि ते आतून पोकळ असतात. पक्ष्याला हलकं ठेवायची ती निसर्गाची युक्ती. वूल यांच्या गटानं या तंतूंची चटई सोयाबीनच्या राळेत भिजवली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. राळ तंतूंच्या बाहेरून पसरली, पण पोकळीत शिरली नाही. आत हवा तशीच राहिली. जी हवा वैरीण होती, तीच आता कामाची ठरली. तयार झालेला पदार्थ वजनाला हलका होता. शिवाय विजेच्या संकेताला अडवून मंद करण्याचा पदार्थाचा जो गुण मोजतात, त्याचा आकडा १.७ ते २.७ इतका खाली आला. नेहमीच्या पदार्थांत तो ४ च्या आसपास असतो. संगणकाच्या सर्किट बोर्डात आकडा जितका लहान, तितका संकेत वेगानं धावतो.

मग आपल्या संगणकात पिसं आली का? नाही. बाजारात आजही मुख्यतः काचेचं कापड आणि इपॉक्सीचेच बोर्ड चालतात. २०१३ साली वूल यांना हरित रसायनशास्त्रासाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ साली ते गेले. एवढ्यावरून हा प्रयोग वाया गेला, असं मला वाटत नाही. फेकून देण्याच्या वस्तूत काय दडलं आहे, हे मोजून आणि आकडा मांडून सांगणं हेच विद्यापीठाचं काम आहे. विकणं हे दुसऱ्या कुणाचं.

या कथेला एक खोच मात्र आहे. सोयाबीनच्या त्या राळेतही बहुधा स्टायरिन हे खनिज तेलाचं रसायन घालावं लागे. त्याला पर्याय शोधण्यात अनेक विद्यार्थ्यांची वर्षं गेली. आणि राळ सोयाबीनची आहे म्हणून वस्तू आपोआप मातीत मिसळते, असंही नाही. एकमेकांना घट्ट धरलेले रेणू सहजी सुटत नाहीत. संमिश्र पदार्थाचं बळ ज्यात आहे, त्यातच त्याची अडचण आहे.

साताऱ्याकडं वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती अशाच धाग्यांची आणि राळेची आहेत. अमेरिकेत म्हातारी झालेली पाती कापून जमिनीत पुरल्याची उदाहरणं आहेत. माती-पेंढ्याची भिंत पडली, की पहिल्या पावसात चिखल मोकळा होतो आणि पेंढ्याचं खत होतं. पात्याचं तसं होत नाही. राळ आणि धागे न बिघडवता पुन्हा वेगळे कसे करायचे, यावर आज जगभरच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी राबत आहेत. जोडण्याची विद्या माणसाला हजारो वर्षांपासून येते. वेळ आली की सोडवायचं कसं, हे तो आता शिकतो आहे.