श्रीपाद : पायऱ्यांच्या वाटेपासून अवकाशाच्या लिफ्टपर्यंत

श्रीलंकेतला श्रीपाद डोंगर २,२४३ मीटर उंच आहे. त्या देशात याहून उंच डोंगर आहेत, पण मान श्रीपादाचा. माथ्यावरच्या खडकात माणसाच्या पावलाहून कितीतरी मोठा, पावलाच्याच आकाराचा खळगा आहे. बौद्धांसाठी ते बुद्धाचं पाऊल, शैवांसाठी शिवाचं, मुसलमानांसाठी आदमचं. विज्ञानकथेतल्या एका थोर कल्पनेची कुळकथा या खळग्यापाशी सुरू होते.

अकराव्या शतकात राजा विजयबाहू पहिला याने इथल्या यात्रेकरूंसाठी सोयी केल्याची नोंद अंबागमुवच्या शिलालेखात आहे. १३४४ मध्ये प्रवासी इब्न बतूता वर चढला. कड्याला धरून चढण्यासाठी लावलेल्या लोखंडी साखळ्यांचं वर्णन त्याने केलं आहे. वाटा दोन : आदमच्या नावाची ‘बाबा’ आणि हव्वेच्या नावाची ‘मामा’. मामावाट सोपी, पण तिने वर गेलेल्याची यात्रा घडली असं कोणी मानत नसे. म्हणजे इथे पोहोचण्याइतकंच मोल चढण्याच्या कष्टांना होतं. आजही मार्गशीर्ष ते वैशाख पौर्णिमेपर्यंत लोक रात्रभर हजारो पायऱ्या चढतात आणि सूर्योदयाला माथा गाठतात. त्या वेळी डोंगराची नेमकी त्रिकोणी सावली पश्चिमेकडे पसरलेली दिसते.

या कुळाची दुसरी शाखा रशियातली. आयफेल टॉवर पाहून भारावलेल्या कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांनी १८९५ मध्ये अवकाशापर्यंत जाणाऱ्या मनोऱ्याची कल्पना मांडली. पण एवढा मनोरा स्वतःच्याच वजनाखाली चिरडला जाईल. १९६० मध्ये युरी आर्त्सुतानोव यांनी ही कल्पना उलटी केली : खालून उभारायचं नाही, वरून सोडायचं. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो एका जागी स्थिर दिसतो; हीच भूस्थिर कक्षा. तिथून एक दोर जमिनीकडे सोडायचा आणि तोल राखण्यासाठी दुसरा बाहेरच्या दिशेला. मग अग्निबाण नको, दोरावरून लिफ्ट चढवायची. १९७५ मध्ये अमेरिकी अभियंता जेरोम पिअरसन यांनी याचं सविस्तर गणित प्रसिद्ध केलं.

या दोन्ही शाखा विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या घरी एकत्र आल्या. भूस्थिर कक्षेतून जगभर संदेशवहन करता येईल हे त्यांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं, आणि १९५६ पासून ते श्रीलंकेत राहत होते. १९७९ मध्ये त्यांची ‘द फाउंटन्स ऑफ पॅरडाइज’ ही कादंबरी आली. तिच्यात व्हॅनेव्हार मॉर्गन हा अभियंता अवकाशाची लिफ्ट बांधायला निघतो. अशा लिफ्टचा पाया विषुववृत्तावर हवा, शक्यतो उंच डोंगरावर. म्हणून क्लार्क यांनी श्रीलंका बेट ८०० किलोमीटर दक्षिणेला सरकवलं, त्याला ताप्रोबेन हे प्राचीन ग्रीक नाव दिलं आणि पवित्र डोंगराची उंची दुप्पट केली. श्रीलंकेच्या या निवडीमागे केवळ प्रेम नव्हतं. पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने भूस्थिर कक्षेतले उपग्रह हळूहळू सरकतात. पूर्व रेखांश ७५ अंशांच्या आसपासची जागा मात्र त्यांना स्थिर धरते, आणि श्रीलंका तिथून फार दूर नाही.

कादंबरीत लिफ्टसाठी हवा असलेला माथा बौद्ध मठाच्या ताब्यात असतो आणि भिक्षू तो सोडायला तयार नसतात. इथे क्लार्क यांनी डोंगराच्या लोकश्रद्धेतलंच एक सूत्र उचललं. सिंहली लोक श्रीपादाला ‘समनळकंद’, म्हणजे फुलपाखरांचा डोंगर म्हणतात, कारण फुलपाखरांचे थवे त्याच्या दिशेने जाताना दिसतात. कादंबरीतली दंतकथा अशी की ही फुलपाखरं म्हणजे एका पराभूत राजाचे सैनिक. ती ज्या दिवशी माथ्यावर पोहोचतील त्या दिवशी भिक्षूंना जावं लागेल. हवामान-नियंत्रणाच्या यंत्रणेतून उठलेलं वादळ फुलपाखरांना माथ्यावर पोहोचवतं. भिक्षू दंतकथेचा शब्द पाळून मठ सोडतात.

ही योजना सुंदर आहे, भिक्षूंना हास्यास्पद न करणारी आहे. पण लेखकाला जी सुटका मिळाली ती जगाला मिळत नाही. हवाईतल्या ४,२०७ मीटर उंच मौना केआवर महाकाय दुर्बीण बांधायची ठरली, तेव्हा २०१९ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांमधली वडीलधारी माणसं रस्ता अडवून बसली. त्यांना अटक झाली आणि बांधकाम थांबलं. तिथे कोणतीही भविष्यवाणी खरी होऊन पेच सुटणार नव्हता. क्लार्क यांचा डोंगर मला म्हणूनच मोलाचा वाटतो. ज्या उंचीमुळे माणसाला तिथे देव जवळचा वाटला, तीच उंची विज्ञानालाही हवी असते, हे त्यांनी चाळीस वर्षं आधी ओळखलं. त्या माथ्यावर कोणाचा हक्क, हे तिथे आधीपासून राहणाऱ्यांना विचारूनच ठरायला हवं. ते काम कादंबरी करू शकत नाही, आपल्यालाच करावं लागेल.