तांबडी सुर्ला येथील महादेव आणि मोलेचे अरण्य

गोमंतकाच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या उतारावर, मोलेचे अरण्य पसरलेले आहे. याच रानात, अनमोड घाटाच्या पायथ्याशी, तांबडी सुर्ला येथे श्रीमहादेवाचे पूर्वाभिमुख पाषाणमंदिर उभे आहे. बाराव्या-तेराव्या शतकातील, म्हणजे कदंब राजवटीच्या काळातील, ही वास्तू होय. गर्भगृह, अंतराळ आणि स्तंभांचा मंडप एवढाच तिचा विस्तार. मंडपाच्या मध्यभागी शिरोहीन नंदी आहे. छतावर कोरलेले कमळ पाहणाऱ्याची दृष्टी खिळवून ठेवते. गोमंतकात घरे व देवळे बहुधा जांभ्या दगडाची. हे मंदिर मात्र काळ्या पाषाणात घडविलेले आहे.

सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी आणि बारदेश या महालांतील देवालये पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केली. त्या संकटात महाजनांच्या पूर्वजांनी आपली दैवते नद्या ओलांडून सुरक्षित मुलखात नेली. कुशस्थळीचा श्रीमंगेश, केळशीची श्रीशांतादुर्गा, लोटलीचा श्रीरामनाथ अंत्रुज महालात स्थिरावले. सुर्लाच्या महादेवाला मात्र आपले स्थान सोडावे लागले नाही. हा भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला तो अठराव्या शतकात, आणि तोवर विध्वंसाचा पहिला आवेश ओसरला होता, हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे सभोवतालचे दुर्गम अरण्य. जेथे तटबंदी नव्हती, तेथे वृक्षांनीच तटाचे काम केले.

हे अरण्य सदाहरित आणि पानझडी अशा दोन्ही प्रकारच्या वृक्षराजीचे आहे. गवा, बिबट्या, शेकरू, धनेश आणि नागराज यांचा येथे अधिवास असून वाघाचाही वावर आढळलेला आहे. पलीकडे कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान याला लागून असल्याने वन्य पशूंची ये-जा चालू राहते. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारा दूधसागर याच डोंगरांतला. त्याचे पाणी पुढे खांडेपार नदी म्हणून वाहते, आणि ओपा येथे त्यावर प्रक्रिया होऊन ते फोंडे व तिसवाडीच्या घरांत पोहोचते. देवघरातील कलशात भरले जाणारे पाणीही अशा रीतीने अनेक घरी याच रानाचे देणे आहे.

इ. स. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडण्यासाठी या रानातून लोहमार्ग काढण्यात आला. गोवामुक्तीनंतर १९६९ साली येथे भगवान महावीर अभयारण्य जाहीर झाले. अभयारण्य व उद्यान मिळून क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर. त्यातील १०७ चौरस किलोमीटरच्या गाभ्याला १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा लाभला.

तरीही रानावरील संकट टळले नाही. लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी अशा तीन योजना एकाच वेळी पुढे आल्या, तेव्हा २०२० साली विद्यार्थी, शास्त्रज्ञ, कलावंत आणि ग्रामस्थ विरोधासाठी एकत्र आले. दळणवळण आणि वीज यांची निकड कोणी नाकारीत नव्हते. प्रश्न मार्गाचा होता. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मोलेसह गोव्यातील संरक्षित रानांचा व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

देवाच्या नावाने राखलेल्या राईतील फांदीही तोडू नये, ही आपल्या पूर्वजांची रीत. त्यांनी राई आणि राऊळ यांत भेद केला नाही. सभामंडप जीर्ण झाला तर वर्गणी काढून पुन्हा बांधता येतो. कळस नवा चढविता येतो. शतकांचे रान मात्र कोणत्याही वर्गणीने उभे राहत नाही. ज्या अरण्याने देवाला स्थलांतराची वेळ येऊ दिली नाही, त्या अरण्यावर ती वेळ येऊ न देणे, हे देवस्थानाच्या सेवेइतकेच महाजनांचे कर्तव्य आहे.