यंत्राचा कप्तान आणि जुने सामने



इतिहासाच्या तासाला एखादा चाणाक्ष मुलगा हटकून विचारतो : असें झालें नसतें तर? शिक्षकापाशीं ह्या प्रश्नाला उत्तर नसतें. क्रीडेच्या इतिहासापुरती मात्र हा प्रश्न यंत्रास विचारण्याची सोय झालेली आहे. जुना सामना, जुनेच खेळाडू, त्यांचे खरे आकडे, आणि दोन्ही बाजूंचें नेतृत्व संगणकाकडे. ही सोय कितपत विश्वासाची आहे, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

तिचा उगम अमेरिकेंतला. बेसबॉल हा तेथील लोकांचा आवडता खेळ, आणि त्याची बारीकसारीक नोंद ठेवण्याची त्यांची चाल फार जुनी. ह्या नोंदींच्या आधारें १९५१ सालीं रिचर्ड साइट्झ ह्यांनीं 'आपबा' नांवाचा पत्त्यांचा व फांशांचा खेळ विकावयास काढला. त्यानंतर दहाएक वर्षांनीं हॅल रिचमन ह्यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' आला. एकेका खेळाडूच्या नांवाचें एकेक पान. त्या वर्षीं त्यानें जसा खेळ केला असेल त्या प्रमाणांत पानावर फळें मांडलेलीं. फांसे पडतील तसा चेंडूचा निकाल. आपल्या सारीपाटांतल्या सोंगट्या साऱ्या सारख्याच गुणांच्या. येथें मात्र प्रत्येक सोंगटीस स्वतःचा पूर्वेतिहास आहे.

परंतु फांसे टाकणें सोपें. दमलेला गोलंदाज केव्हां बदलावा, राखीव गडी केव्हां पुढें काढावा, हें कोणी ठरवावयाचें? एकट्यानें खेळणाऱ्यास दोन्ही पक्षांचें डोकें स्वतःच चालवावें लागे, आणि जुना एखादा हंगाम सबंध खेळून पाहावयाचा म्हणजे सामने शेंकड्यांनीं. म्हणून हें काम संगणकाकडे गेलें. १९८७ सालीं निघालेल्या 'अर्ल वीव्हर बेसबॉल' ह्या खेळाच्या कर्त्यांनीं बाल्टिमोर संघाचे विख्यात व्यवस्थापक अर्ल वीव्हर ह्यांनाच गांठून, आपण कोणत्या प्रसंगीं काय करितां, असें खोदखोदून विचारलें आणि त्यांची विचारसरणी यंत्रास शिकविली. थोडक्यांत, यंत्राचा व्यवस्थापक म्हणजे नियमांची जंत्री : धांवा इतक्या, डाव इतका उरला, गोलंदाज इतका थकला, तर अमुक करावें. तो जागरण करीत नाहीं, रागावत नाहीं, कोणाची भीड धरीत नाहीं.

शिरूर तालुक्यांतील आमच्या केंदूर गांवीं बेसबॉल कोणी खेळत नाहीं. पण क्रिकेटमध्यें यंत्राचा कप्तान आतां शाळकरी मुलांच्या हातांतल्या फोनवरही येऊन बसला आहे. तेव्हां त्याची परीक्षा आपल्याच जिल्ह्यांतल्या एका सामन्यावर घेऊं.

१९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड असा रणजी करंडकाचा सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धांवांत आटोपला. महाराष्ट्रानें ४ गड्यांच्या मोबदल्यांत ८२६ धांवा केल्या, आणि त्यांपैकीं ४४३ एकट्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या, त्याही नाबाद. कमल भांडारकरांसह त्यांनीं दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धांवांची भर घातली. ब्रॅडमनचा ४५२ धांवांचा जागतिक उच्चांक अवघ्या नऊ धांवांवर होता. मध्यंतर झालें, आणि काठेवाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब ह्यांनीं सामनाच सोडून दिला. निंबाळकर ४४३ वर राहिले ते कायमचे.

आतां हा सामना यंत्रास खेळावयास द्या. महाराष्ट्राच्या बाजूचा यंत्रकप्तान शेंकडों धांवांची आघाडी पाहून डाव केव्हांच घोषित करील, कारण दुसऱ्या कोणाचा उच्चांक मोडण्याची आकांक्षा त्याच्या जंत्रींत नाहीं. काठेवाडचा यंत्रकप्तान सामना कधींच सोडणार नाहीं, कारण ५८८ धांवांनीं मागें पडल्याची लाज त्याला वाटत नाहीं. ठाकोरसाहेबांना ती वाटली, आणि म्हणून तो सामना आपणांस आठवतो. दोन्ही निर्णय यंत्राच्या दृष्टीनें चुकीचे, आणि दोन्ही अगदीं माणसांचे. निंबाळकरांना कसोटी सामना एकही मिळाला नाहीं. तो निर्णयही धांवफलकावर शोधून सांपडावयाचा नाहीं.

येथवर केवळ गंमत झाली. पुढचें उदाहरण अवघड आहे.

पळवणकर बाळू हे आपल्या देशाचे पहिले थोर गोलंदाज. पुण्यांतील गोऱ्या साहेबांच्या मैदानावर चाकरी करतां करतां ते गोलंदाजी शिकले. १९०६ सालीं मुंबईस हिंदू संघानें युरोपियनांना १०९ धांवांनीं हरविलें, त्या संघांत ते व त्यांचे बंधु शिवराम दोघे होते. १९११ च्या विलायतच्या दौऱ्यांत बाळूंनीं एकूण ११४ गडी बाद केले. परंतु ते चांभार जातीचे. पुण्यांत खेळाच्या विश्रांतीच्या वेळीं इतर खेळाडू आंत चहा घेत असतां बाळूंना तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांतून, मिळे. आणि कप्तानपद? तें दरवर्षीं दुसऱ्यालाच.

यंत्रास केवळ आकडे दिले तर तें बाळूंना बेलाशक नायक करील. हें न्यायाचें होईल, पण इतिहासाचें होणार नाहीं. उलट जुना काळ जसाच्या तसा उभा करावयाचा हट्ट धरला, तर ज्या नियमानें बाळूंना डावललें तो नियम आपणांस आपल्या हातानें यंत्राच्या जंत्रींत लिहावा लागेल. तो लिहिणारा हात कोणाचा असावा? मला तर हा प्रश्न मूळच्या 'असें झालें नसतें तर' ह्या प्रश्नाहून भारी वाटतो.

अमेरिकेसही तो चुकला नाहीं. तेथें १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन ह्यांस प्रवेश मिळेपर्यंत विसाव्या शतकांतील मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंस मज्जाव होता. त्यांचे संघ वेगळे. त्या वेगळ्या संघांचे आकडे मुख्य नोंदींत मिळविले गेले ते २०२४ सालीं, आणि तेव्हां जॉश गिब्सन ह्यांची सरासरी टाय कॉबच्याही वर गेली. गिब्सन मात्र रॉबिन्सन मैदानांत उतरण्यापूर्वीं तीनच महिने वारले होते.

आपल्याकडे ही कोंडी फोडली ती माणसांनींच. १९२० सालीं कप्तानपदाच्या निवडींत पळवणकर बंधूंना पुन्हां डावललें, तेव्हां विठ्ठल व शिवराम ह्यांनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि कारण उघडपणें छापून सांगितलें. तडजोड होऊन ते परतले व बाळूंना उपनायक नेमलें. सामना चालू असतां कप्तान पै हे आपण होऊन कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदू संघ बाळूंच्या आज्ञेंत खेळला. १९२३ सालीं विठ्ठल पळवणकर त्या संघाचे कप्तान झाले, आणि चौरंगी सामन्यांचें विजेतेपद हिंदूंनीं त्यांच्या नेतृत्वाखालीं मिळविलें.