आऱ्यांची तिरपी वीण

सायकलच्या चाकातले आरे हबपासून रिमपर्यंत सरळ न जाता एकमेकांना छेदत तिरपे जातात. ही वीण शोभेची नाही आणि नुसत्या परंपरेचीही नाही. चाकात जोर कुठून शिरतो, या प्रश्नाला कारागिरांनी शोधलेले ते उत्तर आहे. म्हणूनच ब्रेक हबमध्ये आला तेव्हा आधी सोयीची असलेली ही वीण अपरिहार्य झाली.

ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट पॅरिसच्या यूजीन मेयरने १८६९मध्ये घेतले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी ‘एरियल’ या उंच सायकलीचे पेटंट घेतले. तिचे आरे सरळ होते. उंच सायकलीत पेडल पुढच्या हबलाच जोडलेले असते, म्हणजे पायाचा जोर हबमधून रिमपर्यंत आऱ्यांनीच पोचवायचा. पण सरळ आऱ्याची ओढ हबच्या केंद्रातूनच जाते. हब फिरू लागले तर त्याला धरून ठेवायला या आऱ्याला तरफच मिळत नाही; हबला थोडा पीळ पडून आरे कलले की मगच ते ओढू लागतात. त्यासाठी एरियलच्या चाकात वेगळे तरफदांडे बसवावे लागले. १८७४मध्ये स्टार्लीने हबच्या कडेला स्पर्शरेषेत जोडलेल्या आऱ्यांचे पेटंट घेतले आणि दांड्यांचे काम आऱ्यांवरच सोपवले. सरळ आऱ्यांच्या उंच सायकली त्यानंतरही धावत राहिल्या, हा आक्षेप खरा आहे. पायाचा जोर लयीने चढतो-उतरतो, त्यामुळे भरपूर आरे आणि भक्कम हब यांवर भागत होते. ब्रेकचा जोर मात्र एकदम येतो.

१८८५च्या ‘रोव्हर’ सायकलीने साखळीमार्फत पायाचा जोर मागच्या हबला दिला आणि पुढचे चाक त्यातून सुटले. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचा जोरही रिममध्येच शिरतो, हबला पीळ पडत नाही. आपल्याकडच्या रॉड ब्रेकच्या काळ्या सायकलींचे चाक याच जातीचे. पण १९०३मध्ये जर्मनीच्या फिख्टेल आणि साक्स कंपनीचे ‘टॉर्पेडो’ हब आले. त्यात पेडल उलटे दाबले की हबच्या आतच ब्रेक लागे. ड्रम आणि डिस्क हे पुढचे ब्रेकही हबलाच पकडतात. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरू आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला असे मानू. जमिनीपाशी सुमारे ४५० न्यूटन बळ लागते. चाकाची त्रिज्या ३४ सेंटीमीटर आणि हबच्या केंद्रापासून आऱ्यांची भोके ३ सेंटीमीटरवर असतील, तर तेथे हे बळ अकरापटीहून जास्त, म्हणजे ५,००० न्यूटनच्या आसपास होते. तिरप्या ३६ आऱ्यांत ते वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १४० न्यूटन येतात: निम्मे आरे तेवढे अधिक ताणतात, निम्मे तेवढे सैल होतात. मुळातला ताण १,००० न्यूटनच्या घरात असल्याने हा बदल सहज पेलतो. सरळ आऱ्यांना हेच काम अगदी थोड्या कलातून करावे लागते. दर ब्रेकला हब पिळते आणि आऱ्याच्या वाकणावर व हबच्या भोकांवर ताण साचत जातो. मोठ्या व्यासाच्या ड्रममुळे हे बळ कमी होते, तरीही ड्रम ब्रेकच्या मोटारसायकलींनी तिरपी वीण सोडली नाही.

रेसिंग सायकलींची पुढची चाके सरळ आऱ्यांवर नीट धावली, मग ती वीण कमकुवत कशी, असे विचारले जाते. ती कमकुवत नव्हेच. त्या चाकांचा ब्रेक रिमवर होता, त्यामुळे पिळाची परीक्षा त्यांना द्यावी लागली नाही. छेद जितके जास्त तितके चाक मजबूत, हा समजही टिकत नाही. ३६ आऱ्यांच्या चाकात तीन छेदांनीच पूर्ण स्पर्शरेषेची सुमारे ९० टक्के तरफ मिळते. चौथ्या छेदाने फारसे काही वाढत नाही. म्हणून चाक विणताना आधी ब्रेक कुठे धरणार हे पाहावे, आणि मगच आऱ्यांना हात घालावा.