स्ट्रीमिंग प्लेअर (घरगुती) : निवड व वापर

इंटरनेटवरून येणारे चित्रपट, मालिका व संगीत घरच्या टीव्हीवर दाखवणारे लहान उपकरण. बोलण्यात याला ‘स्टिक’, ‘डोंगल’ किंवा नुसते ‘बॉक्स’ म्हणतात. केबल वा डिशच्या सेट-टॉप बॉक्सहून याचे काम वेगळे. सेट-टॉप बॉक्स सर्वांसाठी एकाच वेळी सोडलेल्या वाहिन्या उघडून दाखवतो. प्लेअर मात्र प्रेक्षकाने मागितलेला कार्यक्रम काही सेकंदांच्या तुकड्यांनी मागवून घेतो आणि इंटरनेटचा वेग घसरला की पुढचा तुकडा कमी प्रतीचा मागवतो. म्हणून ऐन प्रसंगात चेहरे क्षणभर पुसट होतात आणि पुन्हा स्वच्छ दिसू लागतात. वेग फारच पडला तर पडद्यावर चक्र फिरत राहते.

पूर्वपीठिका : ॲपलने मार्च २००७ मध्ये ४० जीबीच्या हार्ड डिस्कसह ‘ॲपल टीव्ही’ विक्रीस आणला, पण तो मुख्यतः घरच्या संगणकावरील साठा टीव्हीवर आणण्यासाठी होता. साठा जवळ न ठेवता थेट इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या स्वस्त पेटीचा उगम नेटफ्लिक्समध्ये झाला. रोकू या कंपनीचे संस्थापक अँथनी वूड तेथे या पेटीवर काम करत होते. तयारी पूर्ण होत आली असताना नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी स्वतःच्या नावाने उपकरण विकायचे नाही असे ठरवले; इतर उपकरण-निर्मात्यांशी स्पर्धा ओढवून घेणे त्यांना परवडणारे नव्हते. पेटी रोकूकडे गेली आणि मे २००८ मध्ये सुमारे १०० डॉलरला बाजारात आली. रोकू म्हणजे जपानी भाषेत सहा. ही वूड यांची सहावी कंपनी. पेटी स्वतः न विकण्याच्या नेटफ्लिक्सच्या या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. पेटी एकाची आणि कार्यक्रम अनेकांचे, ही आजची व्यवस्था त्यामुळेच पुढे रुजली. जुलै २०१३ मध्ये गूगलने ३५ डॉलरचा ‘क्रोमकास्ट’ आणला. त्याला रिमोट नव्हता, सारे काम फोनवरून चाले. ॲमेझॉनची ‘फायर टीव्ही’ पेटी एप्रिल २०१४ मध्ये आणि स्टिक त्याच वर्षी नोव्हेंबरात आली.

भारतात : क्रोमकास्ट डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना, फायर टीव्ही स्टिक एप्रिल २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना आणि शाओमीचा ‘मी बॉक्स फोर-के’ मे २०२० मध्ये ३,४९९ रुपयांना आला. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आणि प्राइम व्हिडिओ त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झाले; दोहोंच्या मध्ये, सप्टेंबरात, जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला. डिश व फायबर कंपन्या आता स्वतःचे अँड्रॉइड बॉक्स जोडणीसोबत देतात. रोकूचे प्लेअर अमेरिकेतील मराठी घरांत सर्रास असले तरी इथे क्वचितच दिसतात.

स्मार्ट टीव्ही असताना प्लेअर हवा का, याबाबत एकमत नाही. टीव्हीचा पडदा आठ-दहा वर्षे टिकतो, पण त्यातील प्रणाली त्याआधीच मंदावते आणि नवी ॲप तिच्यावर चालेनाशी होतात. अशा वेळी टीव्ही बदलण्यापेक्षा प्लेअर जोडणे स्वस्त पडते, एवढे निश्चित म्हणता येते.

प्रमाणन : निवडीत सर्वांत कमी पाहिली जाणारी आणि प्रस्तुत नोंदकाराच्या मते पहिल्यांदा पाहावी अशी बाब. सशुल्क कार्यक्रम कुलूपबंद स्वरूपात येतात. अँड्रॉइडवर हे कुलूप ‘वाइडवाइन’ नावाचे असते आणि त्याच्या पातळ्या असतात. चित्राची उकल चिपच्या सुरक्षित भागात होत असेल तर ‘एल-१’, केवळ सॉफ्टवेअरमध्ये होत असेल तर ‘एल-३’. एल-३ उपकरणाला बहुतेक सेवा ४८०पी दर्जाचेच चित्र देतात. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात खोक्यावर ठळक ‘फोर-के’, अगदी ‘एट-के’ छापलेले बिननावाचे बॉक्स मिळतात. ते यूट्यूब नीट दाखवतात, पण सशुल्क चित्रपट ५५ इंची टीव्हीवर धुरकट दिसतो आणि दोष इंटरनेटवाल्याच्या माथी मारला जातो. नेटफ्लिक्सचे प्रमाणन तर त्याहून वेगळे असते. या बॉक्सचा धोका चित्रापुरता थांबत नाही. कारखान्यातून निघतानाच घातक प्रणाली भरलेल्या अशा उपकरणांच्या ‘बॅडबॉक्स २.०’ या जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला आणि पुढच्याच महिन्यात गूगलने त्याविरुद्ध दावा दाखल केला. त्यात बाधित उपकरणांची संख्या एक कोटीहून अधिक सांगितली होती. प्रमाणित अँड्रॉइड उपकरणावर गूगलचे मूळ ‘प्ले स्टोअर’ असते. ॲपची फाइल दुकानदार पेन ड्राइव्हवरून चढवून देत असेल तर ते उपकरण घेऊ नये.

फोर-केसाठी टीव्हीच्या एचडीएमआय खाचेलाही ‘एचडीसीपी २.२’ ही कुलूप-पद्धत लागते. सुरुवातीच्या काही फोर-के टीव्हींत तीन-चार खाचांपैकी एखाद्याच खाचेला ते होते. प्लेअर दुसऱ्या खाचेत लावून पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

फ्रेमदर : भारतीय दूरचित्रवाणी ५० हर्ट्झच्या पद्धतीवर उभी राहिली. त्यामुळे प्रक्षेपणासाठी तयार झालेल्या मराठी मालिका बहुधा सेकंदाला २५ चित्रांच्या, म्हणजे फ्रेमच्या, असतात. चित्रपट २४ फ्रेमचे. बहुतेक प्लेअर मात्र डबा उघडल्यापासून ६० हर्ट्झवर बसवलेले असतात. २५ फ्रेम ६० घरांत सारख्या वाटता येत नाहीत, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा दोनदा अशी दाखवावी लागते. ५० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येते. हा फरक सांगून पटत नाही, पाहिल्यावर पटतो. मालिकेच्या शेवटची नावे वर सरकताना एका ओळीवर नजर ठेवावी. ६० हर्ट्झवर ती ओळ बारीक ठेचा खात वर जाते, ५० वर पाण्यासारखी सरकते. वाड्याच्या चौकातून कॅमेरा संथ फिरतो तेव्हा खांबांच्या कडाही अशाच थरथरतात. ज्याला हे एकदा दिसले त्याला पुढे ते दिसतच राहते. ॲपल टीव्हीत ‘मॅच कंटेंट’ (डिसेंबर २०१७ पासून), फायर टीव्हीत मूळ फ्रेमदर जुळवण्याचा पर्याय आणि अलीकडच्या गूगल टीव्ही उपकरणांत तशीच सोय आहे. ॲपलाही ती पाळावी लागते. जुळवणी होताना पडदा क्षणभर काळा होतो. तो बिघाड नव्हे.

वीजपुरवठा : एचडीएमआयमधून सर्वसाधारण स्टिकला वीज मिळत नाही, ती वेगळी द्यावी लागते. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीमागे वायर दिसू नये म्हणून स्टिक टीव्हीच्याच यूएसबी खाचेत लावली जाते. साध्या यूएसबी २.० खाचेची हमी ०.५ अँपिअरची, तर स्टिकसोबतचा ॲडाप्टर सहसा १ अँपिअर वा अधिकचा. परिणामी स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि टीव्ही बंद केला की तीही बंद होत असल्याने दर वेळी बोधचिन्हापासून सुरुवात. सोबतचा ॲडाप्टर भिंतीच्या बोर्डात लावला की ही तक्रार बहुधा मिटते. लोडशेडिंगच्या गावांत टीव्ही इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर नसतो. राउटरची जोडणी आधी पाहावी.

इंटरनेट व वाय-फाय : नेटफ्लिक्सची शिफारस १०८०पी चित्रासाठी ५ एमबीपीएस व फोर-केसाठी १५ एमबीपीएस आहे. घरात १०० एमबीपीएसची जोडणी असूनही चित्र अडकत असेल तर कारण बहुधा भिंतीत सापडते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण सिमेंटच्या भिंतीतून किंवा कोकणातल्या घराच्या जाड चिऱ्यातून लवकर क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्झची लहर पलीकडे पोचते, पण इमारतीत शेजाऱ्यांच्या वाय-फायशी तिची गर्दी होते. स्टिक टीव्हीच्या पाठीशी चिकटलेली असल्याने तिच्यापर्यंत लहर आणखी क्षीण होऊन येते, म्हणून खोक्यात बोटभर लांबीची एचडीएमआय वायर दिलेली असते. ती वापरावी, बहुतेक घरांत ती खोक्यातच राहते. शक्य तेथे लॅन वायर उत्तम. ‘गूगल टीव्ही स्ट्रीमर’ला (२०२४) लॅनची खाच आहे; २०२२ च्या ॲपल टीव्ही फोर-केमध्ये ती फक्त १२८ जीबीच्या प्रकाराला आहे.

रिमोट : घरात प्लेअर सर्वांत जास्त वापरणारी व्यक्ती अनेकदा आजी किंवा आजोबा असतात आणि विकत घेणारा मुलगा वा नातू. टीपॉयवर दोन रिमोट आले, एकाने टीव्ही लावायचा आणि दुसऱ्याने मालिका, की सगळे ‘सोर्स’ या बटणाशी अडते. चुकून ते दाबले गेले की पडदा निळा होतो आणि कोणी घरी येईपर्यंत तसाच राहतो. यावर ‘सीईसी’ ही सोय आहे. तिने प्लेअरच्या रिमोटवरूनच टीव्ही लागतो, बंद होतो व योग्य खाचेवर जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सॅमसंगवर ‘एनीनेट प्लस’, एलजीवर ‘सिम्पलिंक’, सोनीवर ‘ब्राव्हिया सिंक’ अशा नावांनी दडलेली असते. आवाजाची व टीव्ही चालू-बंदची बटणे नसलेला रिमोट ज्येष्ठांच्या घरात नेऊ नये, असे नोंदकाराचे स्पष्ट मत आहे.

मराठी कार्यक्रम : झी-५ (२०१८), प्लॅनेट मराठी (२०२१), अल्ट्रा झकास (२०२३) हे यातील परिचित मंच. प्रसार भारतीचा ‘वेव्ह्ज’ हा मंच २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात, इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनावेळी, मराठीसह अनेक भाषांत खुला झाला. फोनवर चालणारे प्रत्येक ॲप प्रत्येक प्लेअरवर असतेच असे नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानातल्या नमुना संचावर हवे ते ॲप शोधून पाहावे आणि आवाजी शोधात एखाद्या मराठी चित्रपटाचे नाव उच्चारून पाहावे. नावे बहुधा रोमन लिपीत नोंदलेली असतात. ‘नटरंग’मध्ये दोन ‘ए’ की तीन, यावर सापडणे न सापडणे ठरते. परदेशातून आणलेल्या प्लेअरवर खात्याचा देश भारत केल्याशिवाय येथील ॲप दिसत नाहीत.

ध्वनी : साउंडबार असल्यास डॉल्बीचा आधार तपासावा.

आयुष्य : पहिल्या क्रोमकास्टला सुधारणा देणे गूगलने २०२३ मध्ये थांबवले. मार्च २०२५ मध्ये २०१५ च्या क्रोमकास्टमधील सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरचे असे धडधाकट प्लेअर अचानक अडले. काही दिवसांत दुरुस्ती आली. १ जीबी रॅमची उपकरणे लवकर मंदावतात. २ जीबी रॅम व १६ जीबी साठा असलेले घेणे दूरदृष्टीचे.

विल्हेवाट : प्लेअर दुसऱ्याला देण्यापूर्वी ‘फॅक्टरी रीसेट’ करून खाते काढावे, अन्यथा सदस्यत्व व पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी नव्या घरी जाते. निकामी उपकरण ई-कचऱ्यात मोडते व १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे जायला हवे. रिमोटमधील सेल काढून वेगळे द्यावेत.