उंबरठा आणि झडती

वेश्यावस्तीचा इतिहास बहुधा नीती आणि आरोग्य या दोन अंगांनी लिहिला गेला. तेथील स्त्रीच्या दारावर पोलिसाची थाप पडते, त्या क्षणाचा इतिहास मात्र कायद्याच्या कलमांत आणि निकालपत्रांत विखुरलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात ही थाप आरोग्याच्या नावाने पडली. १८६८ च्या सांसर्गिक रोगविषयक कायद्याने या स्त्रियांवर नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी यांची सक्ती केली. १८८८ साली तो कायदा रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली अनैतिक व्यापारास आळा घालणारा कायदा संमत झाला. कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या शरीरविक्रयावर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे हे त्याने गुन्हे ठरविले; शरीरविक्रय हा स्वतःच गुन्हा मात्र ठरविला नाही. हा भेद ग्रंथांत स्पष्ट असला, तरी धाडीच्या वेळी दारात तो क्वचितच टिकला.

या कायद्याच्या पंधराव्या कलमाने विशेष पोलीस अधिकाऱ्यास वॉरंटावाचून झडती घेण्याची मुभा दिली; परंतु तसे करण्याची कारणे नोंदविण्याचे आणि त्याच वस्तीतील किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलाविण्याचे बंधनही घातले. पंचांत एक स्त्री असलीच पाहिजे. १९८६ च्या दुरुस्तीने सोबत दोन महिला पोलीस असणे आवश्यक केले. म्हणजे साक्षीसाठी प्रतिष्ठा हवी होती. जिच्या घरात झडती, तिच्या शब्दाची किंमत किती, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर भिवंडीच्या एका प्रकरणातून आले. १९६५ साली तेथील एक पोलीस निरीक्षक रात्री एका स्त्रीच्या घरी गेल्याचा आणि त्याने तिच्यावर बळजबरीचा प्रयत्न केल्याचा आरोप झाला. खातेनिहाय चौकशीअंती तो बडतर्फ झाला. ती स्त्री वेश्याव्यवसाय करीत होती असे नव्हे. तथापि परपुरुषाशी असलेले संबंध ती लपवीत नव्हती. एवढ्यावरून, तिच्या शब्दावर अधिकाऱ्याचे भवितव्य पणाला लावणे उच्च न्यायालयास असुरक्षित वाटले. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हा दृष्टिकोन नाकारला. चारित्र्य कसेही असो, स्त्रीला खाजगीपणाचा हक्क आहे आणि वाटेल तेव्हा तिच्यावर चाल करून जाण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्याने बजावले. पंचवीस वर्षांनी एका झोपडीचा उंबरठा कायद्याला दिसला.

त्याच दशकात सांगलीत या स्त्रिया स्वतः बोलू लागल्या. १९९२ साली ‘संग्राम’ संस्थेने तेथे एड्स-प्रतिबंधाचे काम सुरू केले आणि त्यातून १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. जिची साक्ष संशयास्पद मानली जात होती, तीच आता फिर्यादी झाली.

तथापि ‘सुटका’ या शब्दाआडही कोंडवाडा असू शकतो. २०१९ साली मालाडच्या कारवाईत ताब्यात घेतलेल्या तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सज्ञान स्त्रीला आपले निवासस्थान व व्यवसाय निवडण्याचा अधिकार असल्याचे सांगितले.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, शिवीगाळ वा मारहाण करू नये. निरोध बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. धाडीच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड होऊ नये, असे निर्देश त्याने दिले. धाडीत स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीला अटक होऊ नये, ही समितीची शिफारस मात्र अंमलबजावणीच्या निर्देशांत समाविष्ट झाली नाही; तिला केंद्र सरकारची हरकत होती.

दीडशे वर्षांच्या या वाटचालीत स्त्रीच्या बाजूने झालेली प्रत्येक नोंद न्यायालयात झाली, आणि तीही घटना घडून गेल्यावर. हक्काची खरी कसोटी त्याआधीच, रात्रीच्या वेळी, दार उघडले जाते तेव्हा लागते. तेथे निकालपत्र हाताशी नसते; असतो तो समोरच्या वर्दीचा विवेक आणि आपल्यालाही हक्क आहेत हे त्या स्त्रीला ठाऊक असणे.